दहा हजार ल्युमेनचा फोटो आणि माझं उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री अकराला फोन वाजला. इथे अकरा म्हणजे तिकडे मालवणात सकाळचे साडेआठ. आतेभावाने पाण्याखाली वापरायच्या एका लाईटच्या जाहिरातीचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "दादा, दहा हजार ल्युमेन आसा. घेव काय? तुझो कितक्याक गावलो?"

तो सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना स्कूबा करायला नेतो. पाण्याखालच्या गुहांत वापरायचा माझा कॅनिस्टर लाईट त्याने मागच्या सुट्टीत हातात घेऊन पाहिला होता, तेव्हापासून तो त्याच्या मनात बसला आहे. मी एवढंच कळवलं, "थांब, पैसे भरू नकोस. नीट लिहून पाठवतो." लिहायला बसलो तर ते खूपच वाढलं, म्हणून इथेच टाकतोय. असा लाईट घ्यायचा विचार करणारं आणखी कुणी मराठी वाचत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी मी हा दिवा कुठे वापरतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल. मी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला राहतो. महिन्यातून दोन शनिवार पहाटे गाडी काढतो आणि हाय स्प्रिंग्ज गावाजवळ सांता फे नदीवर जातो. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं, झाडपाल्याच्या अर्काने तांबूस झालेलं. पण तिच्या काठाशी जिथे जमिनीतून झरे वर येतात तिथे पाणी काचेसारखं नितळ आणि बारा महिने २२ अंशांच्या आसपास. त्या झऱ्यांच्या मागे चुनखडीत मैलोन्‌मैल पाण्याने भरलेल्या गुहा आहेत. गिनी स्प्रिंग्जमधली डेव्हिल्स ही गुहा त्यातली सगळ्यात गजबजलेली.

तिथला एक नियम मला पहिल्याच दिवशी भिडला. ज्याच्याकडे गुहेत उतरण्याचं प्रमाणपत्र नाही त्याला डेव्हिल्सच्या भागात दिवा नेऊ देत नाहीत. टँक न्या, फिन्स घाला, पण हातात दिवा नको. दिवा नसला की माणूस अंधाराच्या तोंडाशी थांबतो. असला की "जरा आत डोकावून येऊ" म्हणतो, आणि असे डोकावलेले काही परत आलेले नाहीत. जिथे दिवा हातात असणं हाच परवाना मानतात, तिथे तो कसा निवडायचा हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

कॅनिस्टर लाईट म्हणजे तीन तुकडे. कमरेच्या पट्ट्यात उजव्या बाजूला ओवलेला बॅटरीचा डबा, त्यातून निघणारी जाड रबरी वायर आणि वायरीच्या टोकाला दिव्याचं डोकं. हे डोकं ज्या पकडीत बसतं तिला गुडमन हँडल म्हणतात. तळहात तिच्यातून सरकवला की दिवा हाताच्या पाठीवर बसतो आणि बोटं मोकळी राहतात. मोकळ्या बोटांनी परतीची वाट दाखवणारी दोरी धरता येते, तिचं रीळ सोडता येतं, व्हॉल्व्ह फिरवता येतो. वजनदार बॅटरी कमरेला असल्याने हाताला भार होत नाही आणि दिवा तासन्‌तास चालतो. साध्या हातातल्या टॉर्चपेक्षा वेगळेपण आहे ते इतकंच.

आता ल्युमेनकडे, म्हणजे उजेडाच्या मापाकडे येतो, कारण भावाची गाडी तिथेच अडली आहे आणि माझीही तिथेच अडली होती.

केव्ह डायव्हिंगच्या कोर्सला जाण्याआधी मी पहिला दिवा घेतला तो ५,००० ल्युमेनचा. झोत ९० अंशांत पसरणारा. अंगणात लावला तर शेजाऱ्याचं कुंपणसुद्धा पांढरंफटक पडलं, आणि मला वाटलं आपण उत्तम वस्तू घेतली. कोर्सच्या दुसऱ्या दिवशी गुहेत शिक्षकांनी मागे वळून मला मार्गाबद्दल काहीतरी विचारलं. मी रीतीप्रमाणे दिव्याने भिंतीवर गोल काढला, म्हणजे "ओके". त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा गोल काढला. तिसऱ्यांदा त्यांनी पाटीवर लिहून पाटीच माझ्यासमोर धरली. वर आल्यावर म्हणाले, "तू गोल काढलास असं तू म्हणतोस. मला फक्त गुहा हलताना दिसली." खरंच होतं. सगळी भिंत एकसारखी उजळलेली असताना त्यात गोल दिसणार कुठून? शिवाय मी मागे असल्यामुळे पुढच्या माणसाला समोर स्वतःचीच मोठी सावली दिसत होती. त्याच्या दोरीवर, त्याच्या गेजवर, सगळीकडे.

त्या रात्री मॉटेलमध्ये बसून मी हिशेब केला, तो इथे देतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो कुठे जातो याबद्दल ल्युमेन काहीच सांगत नाही. एका दिशेला किती जोर आहे हे कँडेला सांगतं. ५,००० ल्युमेन ९० अंशांच्या शंकूत पसरले तर कागदावर साधारण २,७०० कँडेला येतात. तेच १,५०० ल्युमेन ८ अंशांच्या शंकूत कोंबले तर ९८,००० च्या आसपास. म्हणजे ल्युमेन एक तृतीयांशाहून कमी आणि झोताचा जोर ३६ पट. प्रत्यक्षात थोडा उजेड कडेने सांडतो, त्यामुळे आकडा इतका नेमका येत नाही, पण फरक या जातीचाच असतो. म्हणून जाहिरातीत झोताचा कोन दिलेला नसेल तर ल्युमेनचा आकडा मी वाचतच नाही. आठ अंश किंवा त्याहून बारीक झोत असलेला दिवा बघायचा. मधोमध टणक, पांढरा ठिपका आणि भोवती अगदी मंद वलय.

पावसाळ्यात आंबोली घाट चढलेल्या कुणालाही याचा दुसरा भाग समजावून सांगावा लागणार नाही. धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिप्परवर आलं की रस्ता दिसतो. पाण्यात तरंगणारा गाळ म्हणजे तेच धुकं. पसरट झोत वाटेतल्या कणाकणावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. बारीक झोत त्यातून सुईसारखा पार होतो, त्याच्या वाटेत कण कमी येतात आणि डोळे त्याच्या कडेने पलीकडचं पाहू शकतात.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. गुहेत तो झोत आपल्या डोळ्यांसाठी कमी आणि जोडीदारासाठी जास्त असतो. पाण्याखाली बोलता येत नाही, तोंडात रेग्युलेटर असतो. मग दिवाच बोलतो. सावकाश गोल म्हणजे ठीक आहे. सावकाश आडवा हलवला म्हणजे इकडे बघ. भराभर आडवा हलवला म्हणजे संकट, आत्ताच्या आत्ता ये. आणि काहीच हलवलं नाही तरी बोलणं चालू असतं. माझ्या झोताशेजारी जोडीदाराचा ठिपका भिंतीवरून शांतपणे सरकत असतो, तोवर मला मागे वळायची गरज नसते. तो ठिपका थरथरला की समजायचं, मागच्याचं काहीतरी बिनसलंय.

लहानपणी मामाबरोबर रात्री खाडीत कुर्ल्या धरायला जायचो. त्याच्या हातात गॅसबत्ती, मागच्याच्या हातात झावळांची चूड. मामा दर पाच मिनिटांनी एकच गोष्ट ओरडायचा, बत्ती माणसाच्या तोंडावर नको, पायाखाली धर. ज्याच्या डोळ्यांत उजेड गेला तो पुढची दहा पावलं आंधळा. डेव्हिल्समध्ये मी कुणाच्या मास्कवर चुकून झोत मारला की मला अजूनही मामाचा आवाज ऐकू येतो.

मागच्या वर्षी एका शनिवारी मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघंच आत होतो. डेव्हिल्समध्ये 'लिप्स' म्हणून जागा आहे. छत आणि तळ ओठांसारखे जवळ येतात, रुंद पण बुटकी फट, आणि समोरून पाण्याचा जोर. ती ओलांडून थोडं पुढे गेलो होतो. मी पुढे, तो मागे. डाव्या भिंतीवर माझा ठिपका आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर त्याचा. दोन्ही बरोबरीने चाललेले. आणि खालचा ठिपका गेला. पिवळा पडला नाही, मंद झाला नाही. होता, आणि नव्हता. मी दोरीला बोटांचं कडं केलं आणि वळलो. तो जागेवर स्थिर होता, त्याचा हात छातीवरच्या बॅकअप दिव्यापर्यंत पोचलेलाही होता. बॅकअपचा बारकासा झोत लागला, त्याने अंगठा वर केला, मी अंगठा वर केला. अंगठा म्हणजे डाइव्ह संपली, यावर चर्चा नसते. ज्याचा दिवा गेला तो पुढे, चांगला दिवा मागे, अशा क्रमाने आम्ही बाहेर आलो. मी सगळी वाट माझा झोत त्याच्या पुढ्यात दोरीवर टाकत राहिलो. एवढंच घडलं. कुणाला इजा नाही, धावपळ नाही. मुख्य दिवा गेला तर परतायचं आणि प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत, एक मुख्य आणि दोन बॅकअप, हे नियम नेमके याच क्षणासाठी आहेत. शेक एक्स्ली या नामांकित केव्ह डायव्हरने गुहांमधल्या अपघातांचा कीस पाडून असे नियम मांडायला सुरुवात केली. पुढे त्यात भर पडली आणि आज जे पाच नियम शिकवतात त्यातला एक दिव्यांचा आहे.

दिवा अचानक का गेला, ते बॅटरी निवडताना समजून घ्यायलाच हवं. लिथियम बॅटरीच्या आत एक संरक्षक सर्किट असतं. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की सेल खराब होऊ नयेत म्हणून ते वीज तोडतं. बॅटरी वाचते, पण आपण अंधारात. जुने हॅलोजनचे दिवे संपत आले की तांबूस व्हायचे, आधी कल्पना द्यायचे. आताचे एलईडी शेवटच्या मिनिटापर्यंत तेवढाच उजेड देतात आणि थांबतात. जोडीदाराची बॅटरी चार वर्षांची होती, रात्रभर चार्ज केलेली होती, चार्जरवर हिरवा दिवाही होता. हिरवा दिवा म्हणजे भरली आहे. तिच्यात आता मावतं किती, हे हिरवा दिवा सांगत नाही. म्हणून मी नवीन दिवा घेताना चार्ज किती उरला ते दाखवणारा किंवा संपण्याआधी लुकलुकून इशारा देणाराच बघतो. बॅकअप दिव्यांत मात्र मी अजून साधे अल्कलाइन सेल घालतो. ते हळूहळू मंदावतात आणि महिनोन्‌महिने पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात.

बॅटरीचा हिशेब वॉट-अवरमध्ये करायचा. आत बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये असायचे तसलेच १८६५० आकाराचे सेल असतात. ३.६ व्होल्ट, चांगल्या प्रतीचे ३.४ अँपिअर-अवर. तीन सेल एका माळेत आणि अशा दोन माळा म्हणजे १०.८ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवर, सुमारे ७३ वॉट-अवर. २० वॉटचा दिवा त्यावर कागदावर तीन तास चाळीस मिनिटं चालतो. चार माळा केल्या की १४७ वॉट-अवर, वेळ दुप्पट, वजनही जवळपास दुप्पट.

कागदावरच्या आकड्याची परीक्षा मी बादलीत घेतो. वीस लिटरची रंगाची बादली, बाथरूममध्ये, दिवे बंद. बादली भरायची, दिव्याचं डोकं पाण्यात बुडवायचं आणि लावून ठेवायचं. पाण्याबाहेर लावून ठेवायचं नाही, कारण हे दिवे पाण्याने थंड होतील असं धरूनच बनवलेले असतात. दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं. माझा तीन तास चाळीसवाला दिवा नवाकोरा असताना दोन तास पंचावन्न मिनिटांनी विझला. त्याला मी दोन तासांचा दिवा समजतो आणि तेवढ्याच डाइव्ह आखतो. दर सहा महिन्यांनी पुन्हा बादली. तारीख आणि मिनिटं डब्याच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली आहेत.

मोठी बॅटरी घेण्याआधी विमानाचा विचार करा. मेक्सिकोत तुलुमच्या सेनोतेंमध्ये, म्हणजे चुनखडीतल्या पाण्याने भरलेल्या कुंडांमध्ये, डायव्हिंगला जायचं ठरलं तेव्हा हे मला समजलं. १०० वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी केबिनमध्ये चालते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर प्रवासी सामानात चालतच नाही. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत कधीच टाकायची नाही, आणि तिची टोकं झाकलेली हवीत. माझ्या पहिल्या बॅटरीवर वॉट-अवर छापलेलेच नव्हते. एका विमानतळावर सुरक्षा तपासणीत मला बाजूला घेतलं आणि अर्धा तास ती बॅटरी हातोहात फिरत राहिली. त्यांचं काही चुकत नव्हतं. डबा, वायर, आत सेलांची जुडी, छापील आकडा नाही, कोण विश्वास ठेवील? तेव्हापासून बॅटरीवर आकडा छापलेला नसेल तर दिवा कितीही चांगला असो, मी घेत नाही. आणि प्रवासात डोकं बॅटरीपासून वेगळं काढून ठेवतो. बॅगेत बटण दाबलं जाऊन हा दिवा कपड्यांत पेटला तर कपडे जळतील इतका तापतो.

डब्याच्या झाकणाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. झाकणाखाली एक काळं रबरी कडं असतं, ओ-रिंग. सगळं पाणी बाहेर ठेवायचं काम त्या एका कड्याचं. दोन वर्षांपूर्वी डाइव्हनंतर डबा उघडला तर आत चमचाभर पाणी आणि जळकट वास. बॅटरीच्या एका टोकावर हिरवट थर. घरी टेबलाच्या दिव्याखाली ओ-रिंग काढून बोटांतून फिरवली, काही लागलं नाही. मग भिंग घेतलं. कड्याला आडवा, ग्रीसमध्ये रुतलेला एक केस होता. आमच्या कुत्र्याचा, जेमतेम पाऊण इंच लांब. तीस मीटर खोलीवर पाण्याचा दाब जमिनीवरच्या चौपट असतो, त्याला केसाएवढी वाट पुरली. झऱ्याचं गोडं पाणी होतं म्हणून बॅटरी वाचली, समुद्रात असतो तर गेलीच होती. आता ओ-रिंग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुसून, ग्रीसचं नुसतं बोट लावून बसवतो, आणि त्या वेळी कुत्रा दुसऱ्या खोलीत. नवा डबा घेतला की पहिल्यांदा बॅटरी न घालता, रिकामाच पाण्यात नेऊन आणतो.

वायरीची लांबी आपल्या अंगाला लावून बघावी. फार लांब असली तर खाली लोंबते, कशात तरी अडकते. फार आखूड असली तर हात पूर्ण पुढे जात नाही. माझी लांब होज, म्हणजे हवेची नळी, डब्याखालून येते. जोडीदाराला हवा द्यायची वेळ आली तर ती एका झटक्यात सुटली पाहिजे, दिव्याची वायर तिच्यावर आडवी येता कामा नये. दुकानात फक्त दिवा हातात घेऊन हे कळत नाही. पूर्ण साज चढवून, वायर ओढून, होज सोडून बघावं लागतं. दुकानदार थोडा वैतागतो. वैतागू दे.

एचआयडी दिवे, म्हणजे वायूच्या बल्बचे, आता जुने झाले. त्यांना तापायला काही सेकंद लागायचे आणि बल्ब नाजूक. स्वस्तात मिळाला तरी नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. कंपनीबाबत माझा एकच आग्रह आहे, दुरुस्ती जवळ व्हायला हवी. डाइव्ह राइट लेक सिटीत आहे, हॅल्सियन हाय स्प्रिंग्जमध्येच. मी राहतो तिथून दोन्ही गाडीच्या टप्प्यात आहेत, हा माझा फायदा. मालवणातून वायर बदलायला दिवा फ्लोरिडाला पाठवायचा म्हटलं तर जाण्या-येण्यातच हंगाम संपेल. आणि चांगला कॅनिस्टर लाईट स्वस्त नसतो.

तर भावा, तुझं उत्तर. तू पर्यटकांना दिवसाउजेडी, आठ-दहा मीटरवर नेतोस. तुझ्या पाण्यात गाळ आहे, प्लँक्टन आहे. डोक्यावर छत नाही. दहा हजार ल्युमेनचा तो लाईट तिथे फक्त पांढरं धुकं करील आणि समोरच्या घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांत जाईल. तुला हवा हजार ल्युमेनचा, बारीक झोताचा, मनगटाला दोरी असलेला हातातला टॉर्च. खडकाच्या कपारीत मासा दाखवायला, आणि खाली हिरवट-करडं दिसणारं मूळचं लालभडक आहे हे दाखवायला तेवढा पुरे. उरलेल्या पैशांत बोटीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजनचा किट घे, मास्कसकट, आणि तो वापरायचं रीतसर शिकून घे. हे मी तुला फोनवरही सांगितलं आहे, पुन्हा सांगतो.

त्याला हे सगळं पाठवलं. दोन दिवस काही नाही. काल सकाळी ऑक्सिजन किटचा भाव विचारल्याचा निरोप आला आणि पाठोपाठ दुसरा, "मगे तुझो तो जुनो पाच हजाराचो लाईट माका दी. व्हिडिओक चलात."

चालेल. व्हिडिओला पसरट झोतच लागतो. फक्त कॅमेऱ्याच्या शेजारी नको, लांब काठीवर कडेला धर, म्हणजे मधला गाळ उजळणार नाही. डिसेंबरमध्ये आणतो. बादलीत लावून बघितला, अजून एक तास पन्नास मिनिटं चालतो.